आधी खाऊन घे, मग बोलू

दुःखात देव माणसाला हाक मारतो वगैरे कुणी म्हणालं की मला आधी राग येतो, खरं सांगते. फेब्रुवारी 2020 मध्ये बाबा गेले, म्हणजे लॉकडाऊनच्या जेमतेम महिनाभर आधी, त्यामुळे निदान खांदा द्यायला माणसं तरी जमली. तर तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी मला हेच ऐकवलं. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. देव परीक्षा बघतो गं. यातून त्याला तुला काहीतरी सांगायचं असेल. आता सांगायचंच असेल तर हजार वाटा आहेत की, त्यासाठी वाडीत शिंपणं लावायला गेलेला धडधाकट माणूस उचलून न्यायची काय गरज? पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने आपलं हो काका, हो मावशी, चहा टाकू का.

तरी आज मी नेमक्या याच विषयावर लिहायला बसलेय. कारण नंतरच्या काळात मला यातलं जे काही थोडंफार उमगलं ते त्या भेटायला आलेल्यांच्या म्हणण्यापेक्षा बरंच वेगळं निघालं. भाविकांना ते पटेलच असं नाही, न मानणाऱ्यांना तर नाहीच नाही. असो.

आमचं गाव अलिबागच्या खाली, नागाव-चौल पट्ट्यात. समुद्र, मग पुळण, मग सुरूची झाडं आणि मग वाड्या. वाडी म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांना सांगावं लागतं: माड, माडांच्या मधे पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढवलेली मिरवेल, खाली केळी, एखादं जायफळ, कडेला अननस, आणि या सगळ्याला पाटाचं पाणी. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी आत गारवा. बाबांनी नोकरी संपल्यावर सगळा जीव तिथे लावला होता. मी ठाण्याला. बाराव्या-तेराव्याला म्हणून थांबले, मग आईला लगेच एकटं कसं सोडायचं म्हणून थांबले, तेवढ्यात देश बंद झाला, ऑफिसने वर्क फ्रॉम होम दिलं आणि मी बाबांच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसायला लागले.

आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना वादळ म्हटलं की 2009 चं फयान आठवायचं. हे त्याच्या कितीतरी पुढचं निघालं. आदल्या दोन दिवसांपासून सगळे सांगत होते, अलिबागला धडकणार, अलिबागला धडकणार, टीव्हीवर नकाशात तो भोवरा आमच्याच दिशेने सरकताना दिसत होता आणि तरी मनात असंच की वळेल, दरवेळेला वळतं, गुजरातकडे जातं. नाही वळलं. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी 110-120 किलोमीटरचा वारा. आकडा वाचून काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. कळलं ते आवाजाने. माड आधी वाकतो, खूप वेळ वाकतो, मग मुळासकट उपटतो किंवा त्याचा शेंडा पिळवटून लोंबतो. पोफळ वाकत नाही फारशी, ती मधेच कडाड करून तुटते. एक तुटली की दचकायला होतं, दहा तुटेपर्यंत आपण मोजतो, मग मोजणं सुटतं. पडवीची कौलं गेली, गोठ्याचा पत्रा उडून शेजारच्या विहिरीवर जाऊन पडला, आणि आम्ही दोघी माजघरात, दाराला आतून पाटा-वरवंटा लावून.

आईचं माहेर देवगडकडचं. आमच्या रायगडात लग्न होऊन आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली तरी संकटात तिच्या तोंडी मालवणीच येते. तर वाऱ्याचा तो सगळा गदारोळ चालू असताना ती देवघरासमोर उभी राहिली आणि तिने चक्क गाऱ्हाणं घातलं. बायका सहसा घालत नाहीत, ते गुरवाचं नाहीतर घरातल्या कर्त्या पुरुषाचं काम. पण कर्ता पुरुष राहिलाच नव्हता घरात. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो वारो इलो हा, तो इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा..." ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलंय त्यांना माहितीय, प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय पुढे सरकतच नाही. आणि म्हणायला मी एकटी. बाबा गेल्यापासून मी देवासमोर हातसुद्धा जोडला नव्हता, आई दिवा लावायची तेव्हा मी मुद्दाम लॅपटॉप उघडून बसायचे. आई थांबली. माझ्याकडे बघितलं नाही तिने, फक्त थांबली. मग मी म्हटलं, होय म्हाराजा. आईसाठी म्हटलं, देवाचा त्यात काही संबंध नव्हता. ती पुढे गेली, मी परत म्हटलं. असं किती वेळ चाललं काय माहीत. वारा काही आल्या वाटेने परत गेला नाही, तो आमच्या अंगावरून सरळ पुढे घाटाकडे गेला.

तसं बघायला गेलं तर देवाला हाका मारण्यात आम्हा कोकणातल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. कौल लावतो, नवस बोलतो, गाऱ्हाणं घालतो, शिमग्याला तर पालखीत बसवून त्याला घरोघर फिरवतो आणि दारात आला की तिथेच आपली कामं सांगतो. आमच्या चौलच्या रामेश्वराच्या देवळात तर तीन कुंडं आहेत: पर्जन्य, वायू आणि अग्नी. पाऊस पडला नाही की पर्जन्यकुंड उघडायची जुनी रीत. म्हणजे वर नुसती हाक मारून भागत नसेल तर ही सोय. वादळानंतर चार-पाच दिवसांनी, रस्त्यावरचा आडवा माड कापताना कुणीतरी म्हणालं, "काय रं, वायुकुंड कोनी उघडं टाकलं?" आणि सगळे एवढे हसले, एवढे हसले, की त्यातले दोघं हसता हसता रडायला लागले.

पण उलट दिशेने? त्याची हाक आली तर कशी ओळखायची, यावर आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही. अंगात येणं वगैरे आहे, पण ते वेगळं प्रकरण.

वादळानंतरचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. लाईट नाही, नेटवर्क नाही, पंप चालत नाही म्हणजे पाणी नाही. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, झावळ्यांवर झावळ्या, हिरव्या सुपाऱ्यांचे घड चिखलात, आणि वर बघितलं की आभाळ. त्या वाडीत उभं राहून आभाळ दिसतं हेच मला सहन होईना. बाबांनी स्वतः रुजवलेल्या पोफळी. रोप लावल्यापासून नीट उत्पन्न द्यायला पोफळ सहा-सात वर्षं घेते, माडाचंही तसंच, म्हणजे आईचं वय बघता... असला हिशोब करत मी ओटीवर बसून राहायचे. आई आवराआवर करत होती, मी नाही. सकाळी बसलेली दुपारपर्यंत तिथेच. गंमत म्हणजे रडू पण येत नव्हतं. बाबा गेल्याचं, वाडी गेल्याचं, जगात सगळीकडे माणसं मरत होती त्याचं, सगळ्याचं मिळून एकच काहीतरी जड झालं होतं छातीत आणि वाटायचं, आता पुरे.

शेजारच्या काकू, त्यांचं स्वतःचं अर्धं छप्पर उडालेलं, चुलीवर काहीतरी रांधायच्या आणि आमच्या पायरीवर टोप आणून ठेवायच्या. सुतकात पण त्यांनीच केलं होतं. एकदा मी टोपाकडे बघितलंच नाही तर म्हणाल्या, "उठ गो बाय, जेव आदी, मंग बोलू." मग बोलायला काही थांबल्या नाहीत, त्यांना कामं होती. पिठलं आणि जाड तांदळाचा भात होता. जेवले. आणि ओटीवरच झोपले, भर दुपारी, कितीतरी आठवड्यांनी अशी झोप लागली असेल.

आता यात देव कुठे आला? येतो, पण त्यासाठी मला आधी बेरशेबाच्या काकांबद्दल सांगायला हवं.

बाबांचे शाळेतले मित्र. बेने इस्रायली. अलिबाग-रेवदंड्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. या समाजाची परंपरा अशी की फार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज आमच्या नवगावजवळ खडकावर फुटलं, सात बाप्ये आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या-पुस्तकं सगळी समुद्रात गेली. ती माणसं इथल्याच गावांत राहिली, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले, मराठी झाली, नवगावकर, किहीमकर, रोहेकर अशी आडनावं झाली. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं 1848 चं सिनेगॉग आहे, रेवदंड्यालाही आहे. 1948 नंतर बहुतेक सगळे हळूहळू इस्रायलला गेले, पण बोलतात अजून मराठी. काकाही गेले तरुणपणी, तिकडे दक्षिणेला बेरशेबात राहतात, आणि बाबांशी दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर तासतासभर गप्पा, त्यातला अर्धा वेळ तिकडे बोंबील मिळत नाहीत यावर.

एक गोष्ट बाबा नेहमी सांगायचे त्यांच्याबद्दल. पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली, पण शतकानुशतकं त्या लोकांच्या तोंडात एक प्रार्थना तेवढी टिकून राहिली, शेमा. ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. बाबांना याचं फार कौतुक. म्हणायचे, आपण देवाला म्हणतो माझं ऐक, आणि यांचं सगळं बुडालं तरी यांच्याकडे राहिलं काय, तर तू ऐक. मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळायचं नाही.

नेटवर्क आलं त्या दिवशी काकांचा फोन आला. "काय गो, वाडी राहिली का?" म्हटलं नाही राहिली. गप्प बसले. मग मीच बोलत सुटले, बाबांबद्दल, पोफळींबद्दल, देवाबद्दल तर फारच, त्यांच्या आणि आमच्या दोन्ही देवांबद्दल, शिव्याच म्हणा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, आमचा एलियाहू पण असाच वैतागलेला, माहितीय ना तुला?

एलियाहू हन्नावी म्हणजे त्यांचा संदेष्टा, मराठी बायबलमधला एलिया. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर खुणा आहेत, बेने इस्रायली मानतात की एलियाहूचा रथ तिथून स्वर्गात गेला. त्याच्या नावाने ते मलिदा करतात, ताटात गोड पोहे, खोबरं, फळं. लहानपणी त्या पोह्यांसाठी मी बाबांबरोबर गेलेली आहे. पण एलियाहू कोण, काय, कधी विचारलंच नव्हतं. ते काकांनी त्या दिवशी सांगितलं.

तर हा एलिया मोठा पराक्रम करून आलेला, राजाच्या, राणीच्या विरोधात उभा राहिलेला. आणि राणीने निरोप धाडला, उद्यापर्यंत तुला संपवते. एवढा मोठा माणूस, पण घाबरला आणि पळाला. पळत पळत बेरशेबापर्यंत आला ("आमच्या इकडेच", काका म्हणाले, अभिमानाने), तिथे नोकराला सोडलं आणि एकटाच वाळवंटात आणखी एक दिवस चालत जाऊन एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं. माझा जीव घे. आणि झोपला.

मी ऐकत होते. पुरे झालं, हे मला ओळखीचं होतं.

मग देवाने काय केलं? इथे मी अगदी नीट ऐकलं, कारण मला वाटलं आता येणार ते परीक्षेचं वगैरे. तर नाही. देवदूत आला, त्याने एलियाला हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं मडकं. बास. त्याने खाल्लं आणि परत झोपला. देवदूत परत आला, परत तेच, ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही नाहीतर. एवढ्या मोठ्या माणसाशी, एवढ्या मोठ्या प्रसंगी, स्वर्गातून आलेला निरोप काय, तर जेवून घे. दोनदा.

मी काकांना मधेच थांबवून पिठल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग? तुला काय वाटलं, पंखबिंख असतात का?"

पुढची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. एलिया चाळीस दिवस चालत होरेबाच्या डोंगरावर गेला, गुहेत शिरला. देवाने विचारलं, एलिया, तू इथे काय करतोस? त्याने आपलं गाऱ्हाणं घातलं: मी तुझ्यासाठी एवढं केलं, सगळ्यांनी तुला सोडलं, मी एकटाच उरलोय आणि आता मलाही मारायला टपलेत. देव म्हणाला, बाहेर येऊन उभा राहा. आणि मग असा वारा सुटला की डोंगर फुटले, खडकांचे तुकडे झाले. पण त्या वाऱ्यात देव नव्हता. मग भूकंप झाला, भूकंपात देव नव्हता. मग आग, आगीतही नव्हता. आणि आगीनंतर एक अगदी बारीक, हळू आवाज. तो ऐकून एलियाने अंगरख्यात तोंड लपवलं आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

वाऱ्यात देव नव्हता. हे वाक्य काकांनी सहज सांगितलं, ते गोष्ट सांगत होते, पण ते ऐकून मला एकदम मोकळं वाटलं. म्हणजे हे असं लिहून ठेवलेलं आहे, आणि तेही देवाच्याच माणसांनी लिहून ठेवलंय, की वाऱ्यात तो नव्हता. मग पोफळी त्याने पाडल्या नाहीत. बाबांच्या छातीत त्या सकाळी जी कळ आली त्यातही तो नसेल. कुणी म्हणेल की हा सोयीचा अर्थ झाला, तू आपल्याला हवं ते घेतलंस. असेल बाबा. पण मग उलटा अर्थ, की देवाने मुद्दाम केलं, तो तरी कुणाच्या सोयीचा असतो? मला विचाराल तर भेटायला येणाऱ्याच्या. एक वाक्य टाकून त्याला उठता येतं.

आणि तो बारीक आवाज काय म्हणाला, तर परत तोच प्रश्न. एलिया, तू इथे काय करतोस? आणि एलियाचं उत्तरही शब्दन्‌शब्द तेच, मी एकटाच उरलोय. डोंगर फुटताना बघूनसुद्धा पठ्ठ्याचं गाऱ्हाणं बदललं नाही, हे मला फार आवडलं. आणि देवाने त्याला समजावलं नाही. का झालं, कशासाठी झालं, यावर एक अक्षर नाही. म्हणाला, आल्या वाटेने परत जा. अमुकाला राजा कर, तमुकाला राजा कर, अलीशाला तुझ्या जागी तयार कर. कामांची यादी दिली हातात. आणि जाता जाता सांगितलं, सात हजार माणसं अजून शिल्लक आहेत तिकडे, तुला वाटतं तसा तू एकटा नाहीस.

मी काकांना विचारलं, मग त्याला उत्तर मिळालंच नाही ना? काका म्हणाले, काम मिळालं.

आता इथून पुढे एखाद्या कीर्तनात माझ्या आयुष्यात लख्ख प्रकाश पडला असता. तसलं काही झालं नाही. झालं काय, तर दोन दिवसांनी काकू (टोपवाल्या) एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात सातबारा, आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), आधार कार्ड, पासबुक, सगळं ओलं होऊन एकमेकांना चिकटलेलं. "बाय, तू हापिसात काम करतस ना, ह्ये जरा बघ गो." पंचनाम्याचे कागद. मी खरं तर नाही म्हणणार होते. लॅपटॉप चार्ज करायला पाच किलोमीटर लांब जनरेटरवाल्याकडे जावं लागत होतं, माझं स्वतःचं काम तुंबलेलं. पण त्यांच्या टोपातलं इतके दिवस जेवलेली मी, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आणि एकदा ती पिशवी उघडल्यावर कळलं की हे किती गुंतागुंतीचं आहे. बागायतीला मदत जाहीर झाली हेक्टरी 50 हजार. ऐकायला बरं वाटतं. पण कोकणात हेक्टर कुणाकडे आहे? इथे माणसाकडे दहा गुंठे, पंधरा गुंठे. दहा गुंठे म्हणजे साधारण एक दशांश हेक्टर, म्हणजे झाले पाच हजार. पण त्याच दहा गुंठ्यांत एकावर एक अशी किती झाडं असतात, आणि पडलेला एक माड नुसता तोडून बाजूला करायला मजूर किती घेतो, ते वेगळं. शिवाय सातबारा सामाईक. आजोबांचं नाव, त्यांच्या चार भावांची नावं, त्यातले दोन वारलेले, वारस नोंद नाही, एक चुलता नालासोपाऱ्याला, एक बडोद्याला, आणि सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. लॉकडाऊनमध्ये. मी व्हॉट्सॲपवर संमतीपत्रं मागवायला लागले, कुणी सही उलटी काढून पाठवायचं, कुणी कागदाऐवजी स्वतःचा फोटो पाठवायचं. काकूंचं झाल्यावर त्यांची जाऊ आली. मग वरच्या आळीतले एक भाऊ. मग कोळीवाड्यातून एक आजी, तिची वाडीच नव्हती, होडी फुटली होती, तिचे कागद वेगळे. आमच्या ओटीवर रांग लागायला लागली आणि आई सगळ्यांना कोरा चहा द्यायला लागली, कारण दूध मिळत नव्हतं.

त्या रांगेत बसलेली माणसं बघताना मला कधीतरी ते सात हजार आठवले. प्रत्येकाच्या घरात त्या वर्षी काही ना काही गेलेलं होतं. एकाचा मुलगा मुंबईहून चालत आला होता पनवेलपर्यंत. एकीचा नवरा तिकडे हॉस्पिटलात, इकडे घरावर माड. कुणी माझ्याजवळ येऊन देवाची परीक्षा वगैरे बोललं नाही, त्यांना माझ्याकडून अर्जावर कुठे सही करायची ते हवं होतं. आणि मला ते सांगता येत होतं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मला कशाचं तरी उत्तर येत होतं.

ही हाक होती का? मला वाटतं होती. मी हे एवढ्या ठामपणे म्हणतेय याचं माझं मलाच आश्चर्य वाटतं. पण मला आता असं दिसतं की ती आपल्या दुःखाचा अर्थ सांगायला येत नाही. ती आपल्याला दारातून बाहेर काढते. आणि ती येते कुणा ना कुणाच्या तोंडून, बऱ्याचदा अगदी चुकीच्या वेळी, आणि तिच्यात आपल्याला हवं ते काहीच नसतं.

यावर एक शंका घेतात, आणि ती घ्यायलाच हवी. मग संतांचं काय? तुकोबांनी तर देवाला म्हटलंय की बरं झालं दिवाळं निघालं, बरं झालं दुष्काळाने पीडा केली, कारण त्यामुळे तुझं चिंतन राहिलं. कुंतीनेही कृष्णाकडे संकटंच मागितली, संकटात तू दिसतोस म्हणून. मान्य. पण तुकोबा कुणाच्या दिवाळ्याबद्दल बोलतायत? स्वतःच्या. 1630 च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांच्याच घरातली बायको गेली, मुलगा गेला, त्यांचाच धंदा बुडाला. स्वतःच्या जखमेबद्दल माणूस हवं ते म्हणू शकतो, तो त्याचा आणि देवाचा व्यवहार. तेच वाक्य उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवलं की ते क्रूर होतं. तुकोबा दुसऱ्याच्या दारात जाऊन बरं झालं म्हणाले असते असं मला एक क्षणही वाटत नाही. स्वतःच्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. म्हणजे लोकांचं देणं सोडलं, उपदेश केला नाही.

पंडिता रमाबाईंचंही मला असंच वाटतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, त्या स्वतः उपाशी वणवण फिरल्या. त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असतं की देव तुला तयार करतोय, तर? पण पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या त्या रमाबाईच, आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. पण म्हणून ती पहिली भूक देवाने पाठवली होती असं मी लिहिणार नाही. रमाबाईंनी स्वतः काय मानलं तो त्यांचा प्रश्न.

आणि काही ठिकाणी तर मला काहीच बोलता येत नाही. 22 जुलै 2021, महाडजवळचं तळिये. दरड आली आणि अख्खी वाडी गाडली गेली, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच दिवशी महाड-चिपळूण पाण्याखाली. आमच्या गावातली पोरं टेम्पो करून महाडला गेली चिखल काढायला, त्यात काकूंचा मुलगा होता, भाऊ होते, आमच्या ओटीवर ज्यांचे कागद भरले त्यातले बरेच होते. मीही गेले. घरांत गुडघ्याएवढा चिखल, आणि एक बाई त्या चिखलातून हाताने चाचपडत आपल्या सासूचे चष्मे शोधत होती. तिला मी काही म्हणाले नाही. फावडं घेतलं. तळियेतल्या माणसांबद्दल मात्र, जी त्या डोंगराखाली राहिली, त्यांना कुठली हाक आणि कसली, यावर कुणी माझ्यासमोर बोललं तर मी उठून जाईन. एलियाच्या गोष्टीतसुद्धा हाक ऐकायला एलिया जिवंत होता.

आई हे सगळं वाचणार नाही, ती म्हणते तू फार विचार करतेस. तिचं देवाशी साधं आहे, ती भांडते त्याच्याशी. मध्ये एकदा मी तिला विचारलं, वादळात तू गाऱ्हाणं घातलंस, वारा कुठे परत गेला? ती म्हणाली, "पण तू होय म्हणालस मां?" आणि भाजी चिरायला गेली. हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मी आता अर्धा महिना ठाण्याला आणि अर्धा गावाला असते, मांडव्याची रो-रो बोट झाल्यापासून ते जमतं. काकांचा फोन अजून येतो, बाबांच्या ऐवजी आता मला, आणि सुरुवातीला मुद्दाम एलियाच्या देवाच्या आवाजात विचारतात, "पोरी, तू तिथे काय करतेस?" मी कामं सांगते. सध्या ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर मोबाइलवरून पीक नोंदवणं. वाडीत स्वतः उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा असतो, लोकेशनसकट, आणि नेमकं वाडीत नेटवर्क नसतं, म्हणून मी आणि काकूंचा मुलगा एकेकाच्या वाडीत मोबाइल वर धरून फिरत असतो. त्यातून आमच्याकडे एकाच गुंठ्यात माड, पोफळ, मिरवेल आणि केळ, आणि मिश्र पिकाच्या रकान्यात कुणाला किती जागा दाखवायची, मिरवेल पोफळीवर चढलेली असताना तिचं क्षेत्र वेगळं मोजायचं का, यावर गेल्या आठवड्यात आमच्या ओटीवर दोन भावांची चांगलीच जुंपली. काकांना सांगितलं तर म्हणाले, सुपारी सुकली असेल तर थोडी पाठव कुणाबरोबर तरी.